इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून परत आल्यावर ध्यानाची रोजची बैठक कशी टिकवली

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. आधीचं वर्षभर त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या, आणि ते गेल्यावर माझी झोप जी गेली ती गेलीच. रात्री अडीच-तीनला टक्क जाग यायची आणि मग लोकलची वेळ होईपर्यंत नुसतं छताकडे बघत पडायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, थायरॉईड निघालं, बीपीची गोळी सुरू झाली, त्याने थोडं बरं वाटलं पण ती तीनची जाग काही गेली नाही. मी सरकारी ऑफिसात लेखा शाखेत आहे, तिथल्या एक सिनियर मॅडम अधूनमधून दहा-बारा दिवस रजेवर जायच्या आणि परत आल्या की चेहरा वेगळाच असायचा त्यांचा. त्यांनीच सांगितलं, अगं विपश्यनेला जाऊन ये इगतपुरीला, बाकी काही मी सांगत नाही, तू जाऊनच ये. विपश्यना म्हणजे दहा दिवस मौनात राहून ध्यान शिकायचं शिबिर.

शिबिराचा अनुभव पुष्कळांनी लिहिलाय. मला जास्त लिहायचंय ते घरी आल्यानंतरचं, कारण दहा दिवस तिथे सगळं आखून दिलेलं असतं, आणि मग कल्याणच्या वन बीएचकेमध्ये, दहावीचा मुलगा, सासूबाई, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी यात ते रोज कसं करायचं हे मी विचारावं असं कोणी नव्हतं. पण आधी क्रमाने सांगते.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मी ऑक्टोबर २०२२ मध्ये भरला. फॉर्ममध्ये आधी कुठलं ध्यान करता का, कुठली साधना शिकलात का, शारीरिक-मानसिक आजार आहेत का, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे सगळं विचारतात, आणि ते खरंखरं भरा. डिप्रेशनच्या किंवा दुसऱ्या कुठल्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, फॉर्ममध्ये लपवू नका आणि शिबिरासाठी म्हणून गोळ्या तर अजिबात बंद करू नका, कारण दहा दिवस मौनात एकटं बसणं सगळ्यांना त्या त्या वेळी झेपेलच असं नाही. माझं नाव आधी वेटिंग लिस्टला गेलं, डिसेंबरमध्ये कन्फर्मेशनचा मेल आला, जानेवारीच्या मधल्या बॅचचा. त्या मेलला परत उत्तर देऊन येणार असल्याचं कळवावं लागतं, ते विसरू नका.

रजेचं सांगते कारण हे फार जणांना माहीत नसतं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी चौदा दिवसांची परिवर्तित रजा घेता येते, तसा शासन निर्णय आहे. दरवर्षी नाही मिळत, मध्ये अंतर लागतं. आणि परिवर्तित म्हणजे अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होणार, हे लक्षात ठेवून आधी खात्यात शिल्लक किती ते बघून घ्यायचं. मी अर्जाला कन्फर्मेशनची प्रिंट जोडली, परत आल्यावर शिबिर पूर्ण केल्याचं पत्र जोडलं. फाईल दोन टेबलांवर फिरून यायला तीन आठवडे गेले, त्यामुळे कन्फर्मेशन आलं त्याच दिवशी अर्ज टाका.

खर्च म्हणाल तर शिबिराला फी नाही. राहणं, जेवण सगळं आधी येऊन गेलेल्या साधकांच्या दानातून चालतं, आणि दान घेतात तेही शिबिर पूर्ण केल्यावरच, आकडा कोणी सांगत नाही. माझा खर्च झाला तो सैल सलवार-कुडते, एक जाड शाल, पायमोजे, टॉर्च आणि अडीचशे रुपयांचं गजराचं घड्याळ यावर (मोबाईल पहिल्याच दिवशी जमा होतो). जानेवारीत इगतपुरीला पहाटे बोचरी थंडी असते, शाल दोन न्या.

कसारा लोकल पकडली, कसाऱ्याहून शेअर जीपने घाट चढून इगतपुरी, आणि तिथून रिक्षाने धम्मगिरी, म्हणजे तिथलं विपश्यना केंद्र. दुपारी रजिस्ट्रेशन, संध्याकाळी सूचना, आणि मग मौन सुरू. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, पुस्तक नाही, पेन सुद्धा नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला बसायचं, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं काहीतरी, सात वाजता ही साधना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात जवळपास दहा तास बसणं.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं, त्याला लांब-आखूड करायचं नाही, आणि त्याला कुठलंही नाम किंवा मंत्र जोडायचा नाही. हे मला फार अवघड गेलं. माझं माहेर वारकरी, डोळे मिटले की जीभ आपोआप विठ्ठल विठ्ठल सुरू करते, लहानपणापासूनची सवय. दुपारच्या वेळेत मी सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षिकेला, विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, नाम वाईट म्हणून नाही थांबवलं, नामाने मन पटकन एकाग्र होतं पण इथे आपल्याला शरीरावर काय चाललंय ते जसंच्या तसं बघायला शिकायचंय, दहा दिवस फक्त हेच करून बघा. मी केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पळून जावंसं वाटत होतं, खरंच, बॅग कुठे ठेवलीय ते आठवत बसले होते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जिथे जी संवेदना असेल, दुखणं, खाज, मुंग्या, गरम, गार, ती बघायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. मग दिवसातून तीन वेळा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा आधीपासूनच कुरकुरतो, त्या एका तासात तिथे असं काही पेटायचं की सांगता येत नाही. सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत मला बाबांचे सुजलेले पाय आठवले आणि मी रडत राहिले, कोणी काही बोललं नाही, शिबिरात सेवा देणाऱ्या धम्मसेविका ताईंनी नंतर फक्त पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मला तेव्हा ते न बोलणं फार बरं वाटलं. वर्षभर सगळे बोलून बोलून समजावत होते.

संध्याकाळच्या प्रवचनाची मी दिवसभर वाट बघायचे. सत्यनारायण गोएंका गुरुजी (१९२४–२०१३) मंडालेला जन्मलेले, व्यापारी माणूस, भयंकर मायग्रेनसाठी मॉर्फिन घ्यावं लागायचं, त्या त्रासापायी १९५५ साली ध्यान शिकवणाऱ्या सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले. आणि हे ऊ बा खिन कोण, तर स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल! स्वतःच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना ते ध्यान शिकवायचे. लेखा शाखेतल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल विचार करा. बिलं, ताळमेळ, ऑडिटचे आक्षेप यातूनच हा माणूस इतका खोल गेला, म्हणजे नोकरी ही काही अडचण नव्हे, असं मनाने घेतलं ते अजून टिकून आहे. गुरुजी १९६९ मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, आणि धम्मगिरीला शिबिरं सुरू झाली १९७६ पासून.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करणं, शिकवतात आणि मौन सुटतं. अकराव्या दिवशी सकाळी सांगतात की आता घरी रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, झोपताना आणि उठल्यावर पाच मिनिटं. मान डोलावली आणि घरी आले.

इथून पुढे खरं काम.

जागेचा प्रश्न आधी सोडवला. आमच्याकडे वेगळी खोली नाही, म्हणून स्वयंपाकघर. रात्री ओटा आवरून फरशी पुसून ठेवायची, पहाटे साडेचारला तिथेच बसायचं, दार लोटून. गल्लीतल्या गादीवाल्याकडून कापूस भरून एक घट्ट, उंच उशी शिवून घेतली, साडेसहाशे रुपये. ऑनलाइन महागड्या असतात त्यांची गरज नाही, पण उशी घट्ट पाहिजे, मऊ उशीत बूड खाली जातं आणि कंबर वाकते. मोबाईल विमान मोडवर, टायमर लावून पालथा.

सकाळचा तास महिनाभरात बसला. संध्याकाळचा बसेना. साडेसातला घरी पोचायचं, मग कुकर, मुलाचा अभ्यास, तास कुठून आणायचा? काही आठवडे रात्री साडेदहाला बसून बघितलं, त्यात सगळी झोपच. मग मी ठरवलं की पद्धत तीच ठेवायची, ती जशी शिकवली तशीच, आणि वेळ, लांबी, बसायची तऱ्हा, जागा हे सगळं माझ्या दिवसाप्रमाणे बदलायचं. हा निर्णय घेतल्यावर जीव हलका झाला. संध्याकाळचा तास लोकलमध्ये गेला: परतीच्या गाडीत ठाण्यानंतर बसायला मिळालं की फक्त आनापान, नाकाखाली वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श, कल्याण येईपर्यंत. लेडीज डब्यात भाजी निवडणं चालू असतं, भांडणं चालू असतात, चालू दे, पर्स मांडीवर घट्ट धरायची आणि बसायचं. उभं राहायला लागलं तरी होतं, डोळे उघडे ठेवून. विपश्यना मात्र गाडीत करत नाही, ती घरीच.

नोंद ठेवायला कालनिर्णय वापरते. सकाळी बैठक झाली की त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षर, आ म्हणजे आनापान, वि म्हणजे विपश्यना, मै म्हणजे शेवटी मैत्री केली. बसणं चांगलं झालं की वाईट हे लिहीत नाही मुद्दाम, कारण ते लिहायला लागलं की दुसऱ्या दिवशी कालच्यासारखं व्हावं म्हणून मन बसतं आणि मग तिथेच अडकतं. वर्षाचं पानन् पान उलटून बघितलं तेव्हा एक गोष्ट दिसली, मार्चमध्ये वि जवळपास नाहीच, सगळा आ. साहजिक आहे, मार्च एंडला डोक्यात बिलंच असतात, शरीरभर मन फिरवायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला कोषागारात पोचतं. तेव्हापासून मार्च मी आधीच आनापानाला देऊन टाकते, अर्धा तास, बस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत वि.

एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघरात बसवत नाही, कल्याणचा उकाडा आणि त्यात लाईट गेली की संपलंच. तेव्हा गॅलरीत, आणि फार झालं तर बिल्डिंगच्या गच्चीवर.

झोपेवर उपाय शोधायला वेळ लागला. तासातला मधला भाग पेंगण्यात जायचा. माझी एक मैत्रीण महासी सयादॉ या ब्रह्मदेशातल्या दुसऱ्या ध्यानगुरूंच्या पद्धतीने शिकलेली आहे, त्यांच्याकडे बसण्याइतकंच चालणंही ध्यानातच धरतात, एक बैठक, एक चालणं असं आलटून पालटून. तिने गच्चीवर करून दाखवलं, दहा-पंधरा पावलांची सरळ रेघ, पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, वळायचं, परत. मला ते आवडलं, बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं चारही स्थितींमध्ये भान ठेवायला सांगितलंय हे मी ऐकलेलं होतंच. तरी मनात शंका होती कारण आमच्या परंपरेत पद्धतींची सरमिसळ करू नका असं स्पष्ट सांगतात. रविवारी आम्ही साधक एकत्र बसतो त्या सामूहिक साधनेला एकदा सहायक आचार्य आल्या होत्या त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या चालताना भान ठेवा, छानच आहे, पण बैठकीच्या जागी ते आणू नका, आणि दोन परंपरांच्या सूचना एकाच तासात घेऊ नका. मी तसंच धरलंय. डोळे जड असतील त्या दिवशी आधी दहा मिनिटं गच्चीवर सावकाश चालायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि मग बसायचं. पुष्कळ फरक पडतो.

हरिपाठाचं पण असंच. सासूबाई रोज दिवेलागणीनंतर म्हणतात. शिबिरातून आल्यावर मी त्यांना विचारलं, आई, तिकडे नाम जोडू नका म्हणतात, मग मी तुमच्याबरोबर बसू की नको? त्या म्हणाल्या, अगं तासाला तास आणि हरिपाठाला हरिपाठ, तुला कोण एकात दुसरं कालवायला सांगतंय. मी आता लवकर पोचले की त्यांच्याजवळ बसून म्हणते, मनापासून म्हणते, आणि पहाटे उशीवर बसले की फक्त श्वास. ज्यांच्या घरात भक्ती आहे त्यांना हा प्रश्न पडतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पुढे लांब शिबिरांना जायचं असेल तर फॉर्ममध्ये इतर साधनांबद्दल विचारतात, तिथे सरळ लिहायचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेंग्यू झाला. प्लेटलेट खाली, सलाईन, आणि नंतर दोन आठवडे उठून बसायची ताकद नाही. आडवं पडून श्वास बघायचे, दोन-चार मिनिटांत डोळा लागायचा, लागू द्यायचे. बरी झाल्यावर एकदम तासाला बसायला गेले नाही. दहा मिनिटांपासून सुरू केलं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली, नाताळपर्यंत तासावर आले. हे मी सगळ्यांना सांगते कारण ओळखीच्या कितीतरी जणांची साधना अशा खंडानंतर कायमची सुटली, तासभर जमत नाही म्हणून शून्य. तुमची छोटी बैठक किती मिनिटांची हे बरं असतानाच ठरवून ठेवा. माझी दहाची आहे. लग्नघर, आजारपण, गावाला, कुठेही दहा होतात.

मग गुडघा. २०२४ च्या सुरुवातीला ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं झीज सुरू झालीय, मांडी घालून लांब बसू नका. मला फार वाईट वाटलं, अगदी घरी येऊन गप्प बसले होते. दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकची बिनहाताची खुर्ची, पाठ न टेकता, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, तळव्याखाली हिवाळ्यात गोणपाट. खुर्चीची सीट मागे उतरती असते म्हणून मागच्या पायांखाली पाव इंचाच्या लाकडी पट्ट्या ठेवल्यात, त्याने कंबर सरळ राहते. आठवड्याभरात कळलं की गुडघ्याशी झगडण्यात जो अर्धा तास जायचा तो आता मोकळा झालाय.

रविवारी कल्याणमध्येच एका जुन्या साधकांच्या घरी सामूहिक साधना असते, एक तास, पैसे नाहीत, गप्पा नाहीत, चहा नंतर ज्याला हवा त्याला. आठवडाभर घरी नीट बसणं झालं नसलं तरी तिथे होतं, पंधरा-वीस माणसं शेजारी स्तब्ध बसलेली असली की आपणही बसतो. वर्षातून एकदा-दोनदा गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाला एकदिवसीय शिबिराला जाते, ते फक्त दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी असतं. दादरला गाडी बदलून बोरिवली, तिथून बसने गोराई खाडी, मग बोट. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आत एकही खांब नाही आणि एका वेळी आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट. बुद्ध पौर्णिमेला गर्दी असते, नावनोंदणी आधी करा. डबा आणि पाण्याची बाटली घ्या, उन्हात अनवाणी चालावं लागतं तर पायमोजे पण.

दुसरं दहा दिवसांचं शिबिर ऑक्टोबर २०२४ मध्ये टिटवाळ्याजवळच्या धम्मवाहिनीला केलं. या वेळी अर्जित रजा टाकली. केंद्र घराजवळ असल्याने प्रवासाचा शीण नाही, आणि महिन्याभरातच कन्फर्मेशन आलं. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, अष्टशील असतं, म्हणजे आठ नियम, त्यातला एक बारानंतर जेवण नाही, पाचला फक्त लिंबूपाणी, आणि माझी बीपीची गोळी रात्री असते म्हणून आधी डॉक्टरांना विचारून तिची वेळ सकाळवर घेतली होती. हॉलमध्ये मागे भिंतीशी खुर्च्यांची अख्खी रांग होती, माझ्यासारख्याच बायका, काही तर माझ्याहून तरुण. पहिल्या शिबिरात जे थरारक वाटलं होतं त्यातलं फारसं काही घडलं नाही, बरेच दिवस कोरडे गेले. पण त्या कोरड्या दिवसांत मी कंटाळा कसा असतो ते अगदी जवळून बघितलं, छातीत कुठे बसतो, पायात कसा वळवळतो, आणि घरी आल्यावर रोजच्या बैठकीला तेच सगळ्यात उपयोगी पडलं, कारण घरची बैठक बहुतेक वेळा कोरडीच असते.

झोपेचं विचाराल तर तीनची जाग अजून कधीकधी येते. आली की आडव्यानेच श्वास बघते, बऱ्याचदा परत झोप लागते, नाही लागली तर साडेचारला उठायचंच आहे. बाबांची आठवण आली तर येऊ देते, पूर्वी ती आली की मी लगेच उठून काहीतरी आवरायला लागायचे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करणार.

सध्याची घडी अशी: सकाळी पाऊण ते एक तास खुर्चीत, आधी थोडं आनापान, मग विपश्यना, शेवटची पाच मिनिटं मैत्री. परतीच्या लोकलमध्ये आनापान. रविवारी सामूहिक. मुलाची बारावी आहे, त्यामुळे यंदा परीक्षा होईपर्यंत दहा दिवसांचं शिबिर नाही, त्याऐवजी एकदिवसीय. पुढचं शिबिर परत परिवर्तित रजेवर करता येईल असं वाटतंय, अर्धवेतनी रजेच्या खात्याचा उतारा आस्थापनेकडे मागितलाय. तुम्ही पण सरकारी नोकरीत असाल तर आधी तो उतारा काढा, मग तारखा बघा, आणि मार्च एंडच्या आसपासची बॅच धरू नका, रजा मंजूर होणार नाही.